फुटक्या कपबशांचा मोर

मी फरशीकाम करतो. साइट उरकली की फरशीचे तुकडे, फुटक्या कपबशा, काचेच्या बांगड्या असं सगळं गोळा करून घरी आणतो आणि त्याचे पक्षी करतो. दीड-दोन फुटी मोर करायचा असेल तर आधी माल जमवा, चित्र नंतर. नवी फरशी विकत आणून फोडणारे पाहिले की मला राग येतो.

चंदीगडचे नेकचंद रस्ता निरीक्षक होते. त्यांनी १९५७ पासून नोकरी सांभाळून, गुपचूप, सरकारी जंगलाच्या जागेत टाकाऊ मालाची आख्खी बाग उभी केली. ती १९७६ मध्ये रॉक गार्डन म्हणून लोकांना खुली झाली. तिथल्या बांगड्यांच्या बाहुल्या जवळून बघा. कपड्याचा रंग म्हणजे त्या बांगडीचाच रंग. आपणही तेच धरायचं.

सांगाडा सळईचा, वर बायंडिंग तारेने बांधलेली कोंबडीजाळी. पोटात प्लास्टिकच्या पिशव्या कोंबा, वजन कमी राहतं. शेपूट जमिनीला टेकू द्या, म्हणजे मोराला तिसरा आधार मिळतो. मग एकास तीन सिमेंट-वाळूचा घट्ट माल जाळीत दाबून भरा, ओला असतानाच खिळ्याने ओरखडे मारा आणि आठवडाभर ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा.

तुकडे करताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. फरशी गोणपाटात गुंडाळून हातोडीने हलके ठोके द्या. छातीला कपाचे तुकडे लावा, कारण कपाला मुळात गोलाई असते. तिथे सपाट फरशी लावली तर कडा वर राहतात आणि हात कापतो. सपाट तुकडे पंखांना ठेवा. मोरपिसाचा डोळा मला फार आवडतो: मधे निळा तुकडा, भोवती लहान मुलीची अख्खी हिरवी बांगडी, तिच्याबाहेर मोठ्या बांगडीचे अर्धे तुकडे. एवढं नीट जमलं की बाकीचं पीस झटकन होतं.

चिकटवण्याआधी तुकड्याच्या पाठीवर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला तर तुकडे अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर ते मालातलं पाणी ओढून घेतात आणि पुढे निखळतात. थेंब तसाच राहिला तर भिजवायची गरज नाही. एका वेळी वितभर जागेतच माल लावा.

दुसऱ्या दिवशी सांधे भरा. पांढऱ्या सिमेंटपेक्षा मी साधं राखाडी सिमेंट घेतो, त्यात रंग उठून दिसतात. माल जरा घट्ट व्हायला लागला की ओल्या स्पंजने पुसून घ्या. टोकदार कडा घासदगडाने मारा. पुन्हा आठवडाभर पाणी.

अंगणात ठेवणार असाल तर जरीच्या बांगड्या टाळा. ऊन-पावसात सोनेरी मुलामा जातो. प्लास्टिकच्या बांगड्याही विटतात. नुसती रंगीत काच आणि लकाकीची फरशी मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते.