निळ्या झाकणाची ट्यूब

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून होम कलेक्शनला, म्हणजे घरोघरी जाऊन रक्त घ्यायच्या कामाला, नव्याने लागणाऱ्यांसाठी लिहितोय. सकाळी सहाला ठाण्यात नौपाड्यातून स्कूटर काढायची, दहाच्या आत सगळी घरं उरकायची. या धावपळीत एका ट्यूबला घाई अजिबात चालत नाही: निळ्या झाकणाची, पीटी-आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायच्या तपासणीची.

कळव्याला माझी एक नेहमीची पेशंट आहे. तिला क्लिपेल-ट्रेनॉने सिंड्रोम आहे. उजव्या पायावर जन्मापासून लालजांभळा डाग, तो पाय डाव्यापेक्षा जाड, शिरा फुगलेल्या. अशा शिरांत रक्त साकळतं, गुठळ्या होतात. एरवी गुठळीला बऱ्याचदा तीन-सहा महिने गोळी पुरते. हिचं कारणच जन्माचं, त्यामुळे वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी वर्षानुवर्षं चालू. आयएनआर 2 ते 3 मध्ये राहायला हवा. घसरला की गुठळीची भीती, चढला की रक्तस्रावाची.

नवीन असताना मी तिची शीर बटरफ्लायने (नळी जोडलेल्या बारीक सुईने) घेतली आणि पहिलीच ट्यूब निळी लावली. नळीतली हवा ट्यूबमध्ये गेली, रक्त ट्यूबवरच्या रेषेच्या बरंच खाली थांबलं. म्हटलं, चालेल. नाही चालत. आत 0.3 मिली सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) असतं, त्याला 2.7 मिली रक्त लागतं. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला उगाच वेळ लागतो, आयएनआर खोटाच चढलेला दिसतो. लॅबमध्येही कुणी ट्यूबकडे पाहिलं नाही. रिपोर्ट आला 3.9. डॉक्टरांनी दोन दिवस गोळी बंद ठेवली. पुन्हा रक्त घेतलं तर 1.7! तो आठवडा तिने पोटरी चाचपत काढला.

तेव्हा बटरफ्लाय असेल तर आधी एक जादा ट्यूब लावून हवा काढा, मग निळी रेषेपर्यंत भरा. तीन-चार वेळा हलकेच उलटी-सुलटी करा, जोरात हलवू-बिलवू नका. कापूस पाच मिनिटं दाबून धरा. ही गोळी घेणाऱ्यांचं रक्त लवकर थांबत नाही.

आणि विचारत जा. एका पावसाळ्यात तिचा आयएनआर 1.6 वर आला. स्टेशनजवळ टाकळा विकायला बसतात ना, घरी रोज तीच भाजी. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध जातं. भाजी सोडायची नसते, प्रमाण सारखं ठेवायचं असतं. पण हे डॉक्टरांनी सांगायचं. आपण फॉर्मवर लिहायचं, स्वतःच्या मनाने घेतलेली पेनकिलरसुद्धा.

आता सुई टोचल्यावर तोंड फिरवायचं सोडून ती ट्यूबकडेच बघत बसते. ‘दादा, रेष आली का?’