घराच्या जाहिरातीचे फोटो: कॅमेरा छातीच्या उंचीवर
ऑनलाइन जाहिरातीत पहिला फोटो नीट विचार करून निवडा. यादी चाळणाऱ्याला आधी तेवढाच दिसतो, तोही अंगठ्याएवढा. म्हणून सर्वांत उजेडाची खोली पुढे, बाथरूम मागे.

फोन आडवा धरा, जमिनीपासून साधारण 1.2 ते 1.4 मीटरवर, पुढे-मागे न कलवता. उभ्या उंचीवरून खाली झुकवून फोटो काढला की भिंती कोलमडल्यासारख्या तिरक्या येतात. दाराची चौकट फोटोच्या कडेला समांतर आहे ना, एवढं बघितलं तरी पुरे. अति-रुंद लेन्सचा मोह मात्र टाळाच. तिच्यात कडेचा सोफा रबरासारखा ताणला जातो, खोली दुप्पट भासते आणि प्रत्यक्ष बघायला आलेला माणूस दारातच हिरमुसतो.

फ्लॅश बंद, पडदे उघडे. दिवसाच्या उजेडात पिवळा दिवा लावला तर भिंत अर्धी निळसर, अर्धी पिवळी दिसते, त्यामुळे दिवेही बंद. खिडकी पांढरीफट्ट येत असेल तर एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र जुळवणारी कॅमेऱ्यातली सोय) चालू करा.

आणि खिळ्याला लटकलेली किल्ली आधी काढून ठेवा! स्पष्ट फोटोवरून तिची नक्कल करता येते. फ्रिजवर चिकटवलेली बिलंही काढा, त्यांवर नाव-नंबर असतात.