सरकारच्या युद्धात नागरिकाचा दोष किती, हे कसे तपासावे

युद्ध सुरू झाले की ‘त्या देशाचे लोकच तसे’ असे कोणीतरी म्हणते आणि त्यावर ‘लोक बिचारे काय करणार’ हे उत्तरही तितक्याच घाईने येते. दोन्ही वाक्ये संपूर्ण समाजाला एकाच मापाने मोजतात. एखाद्या नागरिकाच्या वाट्याला खरोखर किती दोष येतो, हे पाहायचे असेल तर आधी ‘दोष’ या शब्दात कोंबलेले अर्थ सुटे करावे लागतात. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांना नाझी राजवटीने प्राध्यापकपदावरून दूर केले होते. म्हणजे स्वतःला निर्दोष म्हणवून घेणे त्यांना सोपे होते. तरीही १९४५-४६ च्या हिवाळ्यात हायडेलबर्गमध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी दोषाचे चार प्रकार मांडले : फौजदारी, राजकीय, नैतिक आणि चौथा, दुसरे मारले जात असताना आपण जिवंत राहिलो या जाणिवेतून येणारा. चौथ्याचा निवाडा बाहेरच्या कोणी करू नये, म्हणून तो येथे बाजूला ठेवू.

फौजदारी प्रश्न लवकर सुटतो. गुन्हे माणसे करतात, अमूर्त संस्था नव्हेत, अशी दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्ग न्यायाधिकरणाची भूमिका होती. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारावर उभे आहे, त्या आजच्या रोम संविधीनुसारही आक्रमणाचा गुन्हा राज्याच्या राजकीय वा लष्करी कारवाईवर प्रत्यक्ष नियंत्रण असलेल्या व्यक्तींनाच लागू होतो. ज्याने स्वतः गुन्हा केला नाही आणि त्यात साथही दिली नाही, तो नागरिक इथे सुटतो.

यानंतर राजकीय दोषाबाबत भरपाई आणि अपराध यांची गल्लत होत नाही ना, हे पाहावे. १९९० मध्ये कुवेतवर केलेल्या आक्रमणापोटी इराकने तेलाच्या उत्पन्नातून सुमारे ५२.४ अब्ज डॉलर चुकते केले आणि शेवटचा हप्ता २०२२ मध्ये फिटला. ते आक्रमण झाले तेव्हा जन्मलेलेही नसलेल्यांनी या ओझ्याचा काही भाग उचलला. राज्याचे देणे नागरिकाकडे वारशासारखे येते; अपराध तसा येत नाही.

खरी मेहनत नैतिक दोषाच्या तपासात आहे. तेथे व्यक्तीच्या हाती काय होते, तिला काय कळू शकत होते आणि नकाराची किंमत काय होती, हे तीनही प्रश्न एकत्र विचारावेत, कारण एकाचे उत्तर दुसऱ्याचे वजन बदलते. नाझी जर्मनीत युद्धविरोधी पत्रके वाटल्याबद्दल सोफी शोल या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीला २२ फेब्रुवारी १९४३ रोजी म्युनिकमध्ये मृत्युदंड दिला गेला. रशियात मार्च २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवण्यास पंधरा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. जेथे बोलण्याची किंमत एवढी आहे, तेथील मौन आणि जेथे मोर्चा काढून संध्याकाळी घरी परतता येते तेथील मौन यांना एकच नाव देऊ नये. मात्र भीतीपोटी गप्प राहणे आणि उत्साहाने टाळ्या वाजवणे यांतला फरक कोणत्याही राजवटीत उरतोच, आणि माझ्या मते बहुतेक वेळा हिशेब याच फरकाशी येऊन थांबतो.

जाणिवेचा तपास करताना तारीख लिहून घ्यावी. ४ ऑगस्ट १९६४ रोजी व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दुसरा हल्ला झाला, असे अमेरिकी सरकारने सांगितले. तो झालाच नव्हता. त्या आठवड्यात सिनेटने युद्धाधिकाराचा ठराव ८८ विरुद्ध २ मतांनी संमत केला. त्यावर विश्वास ठेवणाऱ्या सामान्य मतदाराला फसवला गेलेला म्हणता येईल. पण १९७१ मध्ये व्हिएतनामविषयीची गोपनीय कागदपत्रे वृत्तपत्रांतून छापली गेल्यावरही ज्याने ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हटले, त्याची सबब तितकी टिकत नाही. मतपत्रिकेवरून निष्कर्ष काढणेही घाईचे ठरते : विरोधात मत देणारा पुढे युद्धाच्या कंत्राटावर गबर होऊ शकतो.

शेवटी, निघालेला निष्कर्ष कशासाठी वापरला जाणार आहे, हे विचारावे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे ३३ वे कलम, ज्याने स्वतः अपराध केला नाही अशा संरक्षित व्यक्तीला (म्हणजे युद्धात शत्रुपक्षाच्या ताब्यात आलेल्या नागरिकाला) शिक्षा देण्यास आणि सामूहिक दंडास मनाई करते. ज्याने युद्धाला टाळ्या वाजवल्या, त्याच्या शहरावर बॉम्ब टाकण्याचा परवाना त्या टाळ्यांतून मिळत नाही. हा हिशेब आधी स्वतःच्या देशाच्या युद्धाबाबत, स्वतःच्या नावाने मांडून पाहावा. तेथे माहितीही हाताशी असते आणि पुढे काही करण्याची संधीही.