हार्ट अटॅकच्या गोळ्या: या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडला माझं मेडिकल आहे. दर आठवड्याला कुणीतरी येतंच, "सॉर्बिट्रेट द्या, घरात असलेली बरी." चिठ्ठी नसते, "अटॅक आला की ही जिभेखाली ठेवा" असा व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज असतो. मी देत नाही.

जिभेखालची ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते आणि त्याबरोबर बीपीही उतरवते. बीपी आधीच पडलेलं असेल तर माणूस जागीच कोसळू शकतो. हृदयाच्या उजव्या भागाला अटॅक बसला असेल तर धोका आणखी मोठा. सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रा) घेतल्यावर 24 तास आणि त्याच कामाची टाडालाफिल घेतल्यावर 48 तास ही गोळी चालतच नाही. घरच्यांसमोर हे सांगायला संकोच वाटतो, समजू शकतो. डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, पण सांगा. तुमच्या डॉक्टरांनीच लिहून दिली असेल, तर बसून घ्या. आणि छातीतली कळ थांबली म्हणून घरी थांबू नका, गोळीने अटॅक आणणारी रक्ताची गुठळी विरघळत नाही.

गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेजसारखं इंजेक्शन हॉस्पिटलातच मिळतं, तेही साधारण पहिल्या 12 तासांत, आणि जितकं लवकर तितकं बरं. म्हणून आधी 108 ला फोन. कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये पेशंटने स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

ॲस्पिरिन घ्यायला सांगितली, तर ती चावून खायची. अख्खी गिळली, त्यातून कोटिंगवाली असली, तर परिणामाला उशीर होतो. ॲलर्जी किंवा अल्सरमधून रक्तस्राव झालेला असेल तर फोनवरच सांगा.

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागतो तो स्टेंटवाल्यांसाठी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवलेल्यांसाठी. एक काका दात काढायचा म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या चार दिवस बंद करून आले होते. काउंटरवरूनच त्यांना हार्टच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. या गोळ्या अचानक सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. याच प्रकारची टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा असते. महाग पडते म्हणून काहीजण परस्पर एकदाच घेतात. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं मोकळेपणाने सांगा, ते दुसरी लिहून देऊ शकतात. तिने दम लागला तरी तेच: आपल्या मनाने बंद नाही, लगेच डॉक्टरांना कळवायचं.

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ॲटोरव्हास्टॅटिनही सोडू नका, तो नॉर्मल बहुतेक तिच्यामुळेच आलेला असतो.

गुडघेदुखीवर आयबुप्रोफेन, ॲसिडिटीवर ओमेप्राझोल मागायला याल तेव्हा स्टेंट आहे हे आधी सांगा. पहिली ॲस्पिरिनच्या आड येते, दुसरी क्लोपिडोग्रेलच्या.