ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी शाळेत कशी टिकवावी

आमच्या बीडमध्ये दसरा-दिवाळीच्या सुमारास उसाच्या टोळ्या निघतात. त्याआधीच, मुकादमाकडून (मजुरांची टोळी नेणाऱ्याकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते तेव्हा मुलीच्या घरी जा. आधी आजीशी बोला. पोरगी मागे ठेवायची का, यात आजीचा शब्द चालतो. आईबाप शिकलेले नाहीत म्हणून त्यांना शिक्षणाची किंमत नाही, हे मला साफ अमान्य आहे. त्यांना भीती वाटते ती वयात आलेल्या मुलीच्या सुरक्षिततेची. म्हणून हंगामी वसतिगृहात (आईबाप तोडीला गेल्यावर गावात राहिलेल्या मुलांची सोय होते तिथे) जेवण कोण बनवतं, रात्री सोबत कोण असतं, हे आजीला प्रत्यक्ष दाखवा. गावात सप्ताह असेल तर कीर्तनकार महाराजांना मुक्ताबाई-जनाबाईंचा दाखला देऊन मुलींच्या शाळेबद्दल बोलायची विनंती करा. मास्तरांपेक्षा त्यांचं जास्त ऐकतात. मुलगी सोबत जाणारच असेल, तर शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे ते दाखवून तिला तिकडच्या शाळेत बसता येईल. १८ वर्षांच्या आत लग्न ठरतंय असं कळलं, तर लगेच १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन लावा.