डिशवॉशरवर एरर कोड आला? या चुका टाळा

डिशवॉशरच्या पडद्यावर काही अक्षरं लुकलुकली की मुंबईतल्या घरांत ठरलेलं नाटक सुरू होतं. एक जण बटण दाबून मशीन बंद करतो, दुसरा पुन्हा चालू करतो, तिसरा मोबाइलवर कोड शोधतो आणि तासाभरात कुणीतरी जाहीर करतं, ‘बोर्ड गेलाय.’ बोर्ड, म्हणजे मशीनचं इलेक्ट्रॉनिक सर्किट, सहसा गेलेला नसतो. मशीन कुठल्या पायरीवर अडकलं एवढंच कोड सांगतो. का अडकलं ते आपण बघायचं असतं, आणि तेवढा धीर कुणाला नसतो.

पहिली चूक म्हणजे कोड न टिपताच मशीन बंद करणं. आधी फोटो काढा. मग मशीन पाणी घेताना थांबलं, धुताना थांबलं की पाणी बाहेर टाकताना, ते आठवा. दुरुस्तीसाठी फोन आला की मी हेच पहिलं विचारतो आणि उत्तर येतं, ‘काहीतरी ई होतं.’ ई तर निम्म्या कोडमध्ये असतो.

दुसरी चूक, दुसऱ्या कंपनीची यादी वाचणं. एलजीच्या मशीनवर ‘एलई’ आलं तर मोटरची तक्रार. सॅमसंगच्या जुन्या मशीनवर तेच ‘एलई’ म्हणजे गळती. एक जण मोटर शोधत बसतो, दुसऱ्याच्या घरात पाणी साचत असतं. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलची उतरवून घ्या. एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या मॉडेलांचे कोडही वेगळे असतात.

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार. टॅबलेट संपली म्हणून भांडी घासायचं लिक्विड डिशवॉशरमध्ये ओतणं. ‘थोडंसंच टाकलं हो,’ असं प्रत्येक जण म्हणतो. डिशवॉशरची पावडर किंवा टॅबलेट मुद्दाम फेस न होईल अशी बनवलेली असते. हाताने घासायचं लिक्विड असतंच फेसासाठी. आत फवारा फिरायला लागला की चमचाभर लिक्विडचा फेस अख्खा टब भरतो, दाराच्या खालच्या फटीतून बाहेर सरकतो आणि मशीनच्या तळाच्या ट्रेमध्ये उतरतो. त्या ट्रेमध्ये एक छोटा थर्माकोलचा फ्लोट असतो. पाणी साचलं की तो उचलला जातो, खटका दाबतो, मशीन पाणी घेणं थांबवतं आणि पंप सतत चालवत राहतं. बॉशच्या बऱ्याच मशीनवर तेव्हा ‘ई१५’ दिसतं, एलजीवर ‘एई’, सॅमसंगच्या नव्या मशीनवर ‘एलसी’.

गोरेगावच्या एका घरी गणपतीत असंच झालं. घरात पाहुणे, कामवाल्या ताई गावी गेलेल्या, सिंक खरकट्याने भरलेलं. घरातल्या तरुण मंडळींनी लिक्विड ओतलं. कोड आला. बंद-चालू, बंद-चालू. पंप रात्रभर घरघरत राहिला. सकाळी एक मेकॅनिक आला, झाकणसुद्धा न उघडता बोर्ड बदलायचा खर्च सांगून गेला. मग कुणीतरी व्हिडिओत पाहिलं की मशीन तिरकं केलं की पाणी निघून जातं. चौघांनी मिळून ते मागे कलंडवलं. पाणी निघालं खरं, पण मागच्या प्लगच्या बोर्डावर. प्लग तसाच लावलेला होता. एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पडला म्हणून निभावलं, नाहीतर बाप्पांसमोर भलतंच काही झालं असतं. मी गेलो तेव्हा पुढची खालची पट्टी काढली. ट्रेमध्ये फेसाचं पाणी आणि फ्लोट वर. स्पंजाने पाणी टिपलं, टेबल फॅन लावून ठेवायला सांगितलं. एकही पार्ट बदलावा लागला नाही. मशीनमधून लिंबाचा वास मात्र बरेच दिवस येत होता म्हणे.

तर गळतीचा कोड आला की माझा क्रम असा: आधी नळ बंद, मग भिंतीवरचं बटण बंद, मग प्लग काढायचा, तोही कोरड्या हाताने. टबमधलं पाणी आणि फेस मगाने आणि फडक्याने काढा. खालची पट्टी स्क्रूची असेल तर उघडून ट्रे टिपा. पावसाळ्यात आपोआप काही वाळत नाही, फॅन लागतोच. तिरकं करण्याचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. ट्रे कोरडा झाला, लिक्विडचा काही संबंध नव्हता आणि तरी कोड पुन्हा आला, तर खरोखर कुठेतरी गळतंय. तिथे माणूस बोलवा.

दुसरा लांबलचक विषय पाण्याचा, कारण तो खास मुंबईचा आहे. ‘पाणी येत नाही’ असं सांगणारे कोड म्हणजे एलजीचा ‘आयई’, सॅमसंगचा ‘४सी’, बॉशचा ‘ई१८’. लोक लगेच पाणी आत सोडणारा इनलेट व्हॉल्व्ह बदलायला निघतात. अहो, आपल्याकडे महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं, सोसायटीच्या खालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवर चढतं आणि तिथून आपल्या नळाला. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी नळापासून जेमतेम ३-४ मीटर उंच असते. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे तुमच्याकडे ०.३ ते ०.४ बार. बऱ्याच मशीनना किमान ०.५ बार लागतो. दादरच्या एका वरच्या मजल्यावर मशीन सकाळी मुकाट चालायचं आणि संध्याकाळी कोड द्यायचं. व्हॉल्व्ह बदलून झाला होता. भानगड इतकीच की सकाळी टाकी काठोकाठ असायची आणि संध्याकाळी अर्धी. त्यांनी छोटा प्रेशर पंप बसवला. ज्यांना तो नको त्यांनी टाकी भरल्यावर मशीन लावावं.

मी आधी बादली लावतो. मशीनचा पाइप नळावरून काढायचा, नळ पूर्ण सोडायचा आणि १० लिटरची बादली किती वेळात भरते ते बघायचं. मिनिटाभरात भरली तर दोष पाण्याचा नाही. मग पाइपाच्या टोकाची बारीक जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासायची. पहिल्या पावसात गढूळ पाणी येतं तेव्हा आणि सोसायटीची टाकी धुतल्यावर ती हमखास गाळाने भरते. अँगल कॉक, म्हणजे भिंतीतला छोटा नळ, अर्धाच उघडा आहे का, हेही बघा. प्युरिफायर लावायला आलेला माणूस तो फिरवून जातो आणि सांगत नाही.

याच कोडमागे एक फसवं कारण असतं. ड्रेन पाइप ओट्याखालून सरळ नहाणी ट्रॅपमध्ये खाली सोडलेला असला तर आत घेतलेलं पाणी लगेच बाहेर ओढलं जातं. मशीनला वाटतं, पाणीच आलं नाही. पाइप ओट्याच्या खालच्या बाजूला उंच बांधून मग खाली आणा.

पाणी बाहेर जात नाही असे कोड म्हणजे एलजीचा ‘ओई’, सॅमसंगचा ‘५सी’, बॉशचे ‘ई२४’, ‘ई२५’. आधी फिल्टर. जिरे, कढीपत्ता, बोंबलाचा काटा, नव्या स्टीलच्या डब्यावरचा स्टिकर, सगळं तिथे सापडतं. भांडी घासून टाकू नका, पण खरकटं काढा तरी. फिल्टर परत बसवताना फिरवून घट्ट लॉक करा, नुसता ठेवू नका. मग पाइपाला पीळ पडलाय का, तो बघा.

मिठाच्या खणात पावडर टाकू नका, पाणी मऊ करणारा सॉफ्टनरच जातो. भातसा, तानसा, वैतरणाचं पाणी मऊ असतं, त्यामुळे सॉफ्टनर सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवा. टँकर किंवा बोअरिंगचं पाणी असेल तर नाही.

एक्स्टेंशन बोर्डावर मशीन नको. १६ अँपिअरचा पॉइंट घ्या.

हीटरचा कोड, जळका वास किंवा पुन्हा पुन्हा पडणारा एमसीबी, यांत घरी हात घालू नका. सर्व्हिसवाल्याला फोन करताना कोडचा फोटो आणि मॉडेल नंबर हाताशी ठेवा. नंबर बिलात शोधत बसू नका, दार उघडलं की त्याच्या कडेवरच्या स्टिकरवर असतो.