मित्रमंडळींसोबत ‘सवाई’ला जाताय? अशी करा तयारी

डिसेंबर जवळ आला की पुण्यात गाणं ऐकणारी माणसं एकमेकांना विचारू लागतात, “यंदा सवाईला किती दिवस?” पं. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली शास्त्रीय संगीताचा हा ‘सवाई गंधर्व’ महोत्सव सुरू केला. २०११ मध्ये पंडितजी गेले आणि त्यांचंही नाव महोत्सवाला जोडलं गेलं. पूर्वी तो शनिवार पेठेत रमणबाग शाळेच्या पटांगणावर भरायचा. अलीकडे मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर मोठ्या मांडवात होतो. पाच दिवस, हजारो श्रोते आणि पुण्याची थंडी. चार-सहा जणांनी मिळून जायचं तर काही गोष्टी घरीच ठरवलेल्या बऱ्या.

१. आधी दिवस ठरवा, मग तिकीट

कार्यक्रमपत्रिका जाहीर झाली की सगळ्यांनी एकत्र बसून ती वाचा. पाचही दिवस सगळ्यांना जमेलच असं नाही. ज्यांना जमेल त्यांनी सीझन तिकीट घ्यावं, बाकीच्यांनी रोजचं. कोणी पहिल्यांदाच येणार असेल तर त्याला सलग पाच दिवस बसवू नका. ज्या दिवशी एखादं वाद्य आणि दोन वेगळ्या घराण्यांची (म्हणजे गाण्याच्या परंपरांची) गायकी आहे, असा एक दिवस त्याच्यासाठी निवडा.

२. खुर्ची की बैठक?

माझं मत स्पष्ट आहे: पाठ-गुडघे साथ देत असतील तर भारतीय बैठक. मित्रांना शेजारी-शेजारी बसता येतं, पाय मोकळे करता येतात आणि दाद एकत्र जाते. ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी मात्र संकोच न करता खुर्चीचं तिकीट घ्यावं. तीन तास अवघडून बसलेल्या माणसाच्या कानात काही शिरत नाही. बैठकीत चांगली जागा हवी तर दोघांनी लवकर पोहोचावं. पण दोघांनी दहा जणांची जागा अडवून ठेवू नये. मागून आलेल्या आजोबांनाही टेकायला जागा लागते.

३. पिशवीत काय?

दुपारी मांडवात उकडतं आणि रात्री नऊनंतर बाजूंनी गार वारा येतो. म्हणून स्वेटर, कानटोपी किंवा शाल घ्याच, दुपारी कितीही नकोशी वाटली तरी. बसायला पातळ उशी, पाण्याची बाटली, आणि चपला ठेवायला एक कापडी पिशवी. ही पिशवी लोक विसरतात आणि रात्री दहाला गर्दीत चपला शोधत बसतात.

४. जाणं-येणं

गाडी शक्यतो नकोच. स्वारगेटपर्यंत मेट्रो किंवा पीएमपीची बस, पुढे रिक्षा. मांडवाबाहेर भेटायची एक जागा आधीच ठरवून ठेवा, कारण कार्यक्रम सुटल्यावर सगळे एकदमच फोन लावतात. रात्री दूर जाणाऱ्यांनी एकत्रच निघावं.

५. ऐकायचं कसं?

नवख्या मित्राला घेऊन गेलात तर सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. मोठा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं मुख्य गाणं, सुरू झाला की पहिली दहा-पंधरा मिनिटं त्याला वाटतं, काहीच घडत नाहीये. सवाई गंधर्वांच्या किराणा घराण्यात तर एकेका सुरावर रेंगाळत राग उलगडतात आणि लय फार संथ ठेवतात. अशा वेळी त्याला रागाची व्याख्या सांगू नका, सम, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीची (आवर्तनाची) पहिली मात्रा, धरायला शिकवा.

विलंबित (संथ) एकतालात बारा मात्रा असतात आणि ठेक्यात, म्हणजे तबल्याच्या ठरलेल्या बोलांत, ‘तिरकिट’ दोनदा येतं: चौथ्या मात्रेवर आणि दहाव्या मात्रेवर. दुसरं तिरकिट वाजलं की उरतात फक्त दोन मात्रा, आणि मग सम. गायक आलाप आवरता घेतो, मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचलतो आणि बंदिशीच्या, म्हणजे बांधलेल्या गीताच्या, ठरलेल्या अक्षरावर तबल्याला येऊन भेटतो. सुरुवातीला बोटांवर मोजा, लाज वाटू देऊ नका. मी एका मैत्रिणीला इतकंच सांगितलं होतं. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला समेवर तिची मान आपोआप हलली. त्या रात्री ती शेवटपर्यंत जागची हलली नाही.

दुसरी गंमत रागांच्या ठरलेल्या वेळांची. दुपारी मुलतानी किंवा भीमपलास, दिवस कलताना मारवा, पूरिया धनाश्री, अंधार पडल्यावर यमन. बाहेरचा उजेड आणि आतला राग एकत्र बदलताना मोकळ्या मैदानावर जाणवतं, तसं बंद सभागृहात जाणवत नाही. पूर्वी महोत्सव रात्रभर चालायचा. ध्वनिक्षेपकाचे नियम आल्यापासून बहुतेक दिवशी रात्री दहाला थांबावं लागतं. एखाद्या दिवशी, बहुधा शनिवारी, बारापर्यंत परवानगी मिळते. मालकंस किंवा दरबारी असे उशिरा रात्रीचे राग ऐकायची आस असेल तर तो दिवस अजिबात सोडू नका.

गाणं चालू असताना बोलू नका. दोन कलाकारांच्या मधल्या वेळात भरपूर बोला, भांडासुद्धा. मोबाईल आवाज बंद करून खिशात ठेवा, रेकॉर्डिंग करू नका. उठायचंच असेल तर बंदिश संपल्यावर, वाकून.

६. खाणं

बाहेर खाण्याचे स्टॉल असतात. सगळ्यांनी एकदम उठण्यापेक्षा दोन गट करा. एकाने जागा सांभाळायची, दुसऱ्याने खाऊन यायचं. आम्ही एका वर्षी सगळेच एकत्र रांगेत उभे राहिलो आणि सरोदवादनाचा अख्खा आलाप हुकला. त्याची हळहळ अजून जात नाही. पुस्तकांचे आणि रेकॉर्डिंगचे स्टॉलही याच वेळात पाहून घ्या.

७. सकाळ मोकळी असेल तर

शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्ज’ आणि ‘अंतरंग’ हे उपक्रम होतात. संगीतावरचे माहितीपट आणि कलाकारांच्या मुलाखती तिथे असतात. संध्याकाळी जो कलाकार ऐकायचा, त्याची मुलाखत सकाळी ऐकली असेल तर गाणं वेगळंच पोहोचतं.

८. शेवटचा दिवस

शेवटच्या कलाकाराचं सादरीकरण संपलं की अर्धा मांडव उठू लागतो. तुम्ही बसून राहा. सांगतेला सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका वाजवतात. खरखरीतून येणारा तो बारीक, आर्त आवाज ऐकताना आजूबाजूचे कित्येक जण डोळे मिटून असतात. मित्रांना आधीच सांगून ठेवा: ती संपेपर्यंत चपलांच्या पिशवीला हात लावायचा नाही.